कार्डावरची पांढरी अक्षरं

बॅजर ओढा, मोंटाना
९ मार्च १९५६

चिरंजीव ऑर्व्हिल यास हेटीचे अनेक आशीर्वाद.

चौसष्टीच्या माणसाला चिरंजीव म्हटलं म्हणून फुरफुरू नकोस. मी सदुसष्टची आहे, तेव्हा तू माझ्यापुढे कायमचा धाकटाच. इकडे सगळे खुशाल. गुडघा कुरकुरतो, पण अजून माझ्या हुकमात आहे. गायी विऊ लागल्यात. आजवर एकतीस वासरं झाली, त्यातली दोन थंडीनं गारठलेली म्हणून स्वयंपाकघरात चुलीपाशी आणून ठेवलीत. वेन दहा दिवस गोठ्यातच मुक्कामाला आहे. सून म्हणते, "नवरा बघायचा तर गाय व्हावं लागतं." पोरगी तिखट आहे, मला आवडते.

तुझी सफरचंदं यंदा कशी आली? नाताळच्या कार्डावर तू फक्त "पीक बरं" एवढंच लिहिलंस. बरं म्हणजे किती बरं, ते माणसानं सांगावं की नाही!

लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. चर्चच्या बायकांनी डोक्यात घेतलंय की या ओढ्याकाठच्या जुन्या रँचांचं एक पुस्तक काढायचं. जुने फोटो, जुनी पोस्टकार्डं आणि प्रत्येकाखाली चार ओळी. डेला कूंट्झ गेल्या मंगळवारी बूट न झटकताच आत आली.

"हेटी, तुझ्याकडे कार्डं असणारच. तू आयुष्यात काही टाकलेलं नाहीस."

"टाकायची सवय असती, डेला, तर पहिल्यांदा तुलाच टाकलं असतं," मी म्हटलं, आणि कॉफी ठेवली.

आईचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला. तुझा पहिला स्पर निघाला, घोड्याला टोचायचा बुटाचा काटा, एकाच पायाचा. आपल्याकडचा म्हातारा गडी तूल, त्यानं घोड्याच्या शेपटीच्या केसांची विणलेली टोपीची पट्टी निघाली, काळी-पांढरी नक्षी अजून जशीच्या तशी. खाली सगळी कार्डं. आठवतं, तो फिरता फोटोवाला यायचा, खेचरावर पेटारा लादून? जागच्या जागी फोटो काढून त्याचीच पोस्टकार्डं करून द्यायचा. त्या पहिल्या कार्डात आईनं शिवणयंत्र अंगणात ओढून आणलंय, आयोवातल्या माहेरच्यांना दिसावं म्हणून. बाबांच्या पायांत पँटवरून चढवायची लोकरीची चॅप्स आहेत, ती त्या फोटोवाल्याची! बाबांनी तसली जन्मात घातली नव्हती. तू कुत्र्याचं तोंड दाबून धरलंयस, ते भुंकू नये म्हणून, आणि बघतोयस स्वतःच भुंकायच्या बेतात असल्यासारखा.

डागणीचं कार्डही आहे. तू वासराच्या मानेवर गुडघा दिलायस, मी लोखंड धरलंय. मी हलले, म्हणून मला तीन हात आलेत. डेला म्हणाली, "तीन हात तर तुला आहेतच, सगळ्यांच्या कामात घालायला." माझं लक्ष डब्यात दुसरीकडे होतं. तळाशी जे होतं त्यावर मी वर्तमानपत्र सारलं. पण डेलाचे डोळे घारीचे. तिनं ते ओढून काढलंच.

कुठलं कार्ड, ते तुला सांगायला नको. कुंपणाच्या कोपऱ्यात एकावर एक पडलेली आपली गुरं, वर बर्फ, मध्ये ते फाटक. खाली फोटोवाल्यानं फोटोच्या काचेवरच उलटी अक्षरं काढून छापलेली पांढरी ओळ: "एका पोरानं लावलेलं फाटक. एकशेचाळीस गुरं. मार्च १९०९."

"हे तर घ्यायलाच हवं," डेला म्हणाली. "यासारखं दुसरं कुठलं कार्ड गाजलं या भागात? ओळी तूच लिही. शनिवारच्या सभेत दे."

मी हो म्हटलं. आज शुक्रवार. गोठ्यातून हाक आली, उरलेलं उद्या.

१० मार्च, पहाटे

गाय सुटली, वासरू धडधाकट. आता निवांत लिहिते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तू गावात औषधांच्या दुकानात गेलास आणि तिथे गल्ल्यापाशी ते कार्ड तारेला लटकवून विकायला ठेवलेलं पाहिलंस, ते मला ठाऊक आहे. एवढंच नव्हे, आयोवाच्या मावशीनं तेच कार्ड आईला पाठवलं होतं, "हे तुमच्या जवळपासचं का गं?" म्हणून. तिला बिचारीला माहीत नव्हतं की पोर कोणाचं ते. मे महिन्यात, डागणीच्या आठ दिवस आधी, तू बाडबिस्तरा बांधून गेलास. सतरा वर्षांचा होतास.

त्या वादळाच्या दुसऱ्या दिवशीचं स्वयंपाकघर मला रोजच्या भाकरीइतकं पाठ आहे. बाबा हातमोजे न काढता उभे. आकाश बघून सकाळी त्यांनीच वरच्या कुरणाचं फाटक उघडून ठेवलं होतं, म्हणजे वाऱ्याला पाठ देऊन गुरं खाली नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडीत उतरतील. दुपारी मिठाच्या विटा घेऊन तू त्या फाटकातून गेला होतास. गुरं आली तेव्हा फाटक बंद. मागची पुढच्यांवर चढली.

"फाटक तू लावलंस?"

"नाही, बाबा. बहुतेक नाही."

"बहुतेक? फाटक लावलं की हाताला कळत नाही?"

"उघडंच होतं... मी उघडंच सोडलं असेन, बाबा. आपला नियम..."

"असेन!" बाबा म्हणाले, आणि बाहेर गेले. त्या एका "बहुतेक"नं तुझा निकाल लागला.

मी चुलीकडे तोंड करून लापशी ढवळत होते. खाली लागली होती तरी ढवळत होते. आदल्या दिवशी मी कोरामावशीकडे आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. मी तिच्याकडे नव्हते. मी एमेट रस्कच्या बग्गीत होते. पाण्यावरून त्याच्या वडलांशी आपल्या बाबांचा उभा दावा. रस्कांचं नाव घरात काढायची सोय नव्हती. तीनच्या सुमाराला आम्ही वरच्या वाटेनं परतत होतो. बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते. फाटक सताड उघडं.

मी म्हटलं, "कोण गाढव असं टाकून गेलं? खाली रुळावर गुरं गेली तर? गेल्या वर्षी सहा चिरडली."

एमेट म्हणाला, "हेटी, उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, बंद दिसलं तर बंद. तुमच्याच वडलांचा नियम आहे."

"गुरं आमची, फाटक आमचं, आणि नियम तू शिकवतोस? उतर, लाव."

"मी नाही लावणार."

"मग बस तिथेच देवासारखा." मी उतरले. तारेचा फास खांबावरून खाली ओढला, चांगला घट्ट.

झालं, लिहिलं. अक्षर बघ. शाळा माझी चौथीतच सुटली. अक्षर सुधारलं ते बियाण्यांच्या कॅटलॉगांवरून आणि तुझ्या कार्डांवरून गिरवून. आज ते कामाला आलं.

फाटक लावलं ती चूक होती, ऑर्व्हिल. कुठल्याही घाईच्या पोरीकडून झाली असती. त्या चुकीसाठी मी स्वतःला केव्हाच सोडलंय. पण पुढची गोष्ट चूक नव्हती. एमेट दुसऱ्याच दिवशी बाबांकडे जायला निघाला होता. मी त्याला कोठारामागे अडवलं. "तू तोंड उघडलंस तर आपलं लग्न विसर." तो गप्प बसला. शरद ऋतूत बाबांनी दावा मागे घेतला, का, तर मुलगा गेला, हाताखाली माणूस नाही, आणि शेजारी एक कामसू तरुण. माझं लग्न तुझ्या रिकाम्या जागेवर झालं. हे रँच तुझं व्हायचं होतं. त्याबद्दलही बोलायचं आहे, पण ते कागदावर नाही.

एमेटनं मला यावरून कधी टोचलं नाही. फक्त दर नाताळात तुझ्या कार्डाला मी उत्तर लिहिलं की विचारायचा, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"ते?"

"हवामानाचं लिहिलं."

"बरं," म्हणायचा, आणि तिकीट लावायला घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून मलाच मला विचारावं लागतं.

तुझी सत्तेचाळीस कार्डं माझ्याकडे आहेत. पूल, धबधबे, सफरचंदांनी भरलेली गाडी. सगळ्यांवर ख्यालीखुशाली. एक सोडून. १९११चं, स्पोकेनच्या पुलाचं. बारीक अक्षरात कडेनं लिहिलंयस: "हेटी, मी मनात ते फाटक शंभरदा पाहतो. दर वेळी ते उघडंच असतं. माझं डोकं फिरलंय का? तुला काय वाटतं?"

तू मला विचारलंस, ऑर्व्हिल. घरात दुसऱ्या कोणाला नाही, मला. आणि मी तुला काय उत्तर दिलं? की नवीन कोंबड्या चांगली अंडी घालतायत. नंतर तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

उघडं होतं. तू उघडंच सोडलंस. तुझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं आणि आजही आहे.

१२ मार्च

शनिवारची सभा झाली. आधी सकाळी वेनला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, हे मला काय सांगतेस? ऑर्व्हिलमामाला लिही." म्हटलं, लिहितेय, अर्धं झालंय.

सभेत डेला, मेबल आणि त्या दोघी लुंडग्रेन बहिणी. कागद पुढे ढकलला, पण डेलाला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं:

"मार्च १९०९. वादळ येणार म्हणून वडिलांनी हे फाटक उघडून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा ऑर्व्हिल इथून गेला आणि नियमाप्रमाणे ते उघडंच ठेवून गेला. नंतर ते मी लावलं आणि सांगितलं नाही. हेस्टर (हेटी) रस्क."

मेबल, बिचारी भली बाई, म्हणाली, "अगं, वाटल्यास खालची पांढरी ओळ आपण कातरूनच टाकू. नुसती गुरं ठेवू. कोणाचंच नाव नको."

"ओळ राहू दे. तिच्याखाली माझी छापा."

"पण हेटी," डेला म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"जे सत्तेचाळीस वर्षं त्याला म्हणत होते तेच. फक्त पत्ता बदला म्हणावं."

डेलाला तुझ्याबद्दल तेव्हा काय वाटायचं ते तुला ठाऊक असेल, मला ठाऊक होतं. तिनं कागदाची घडी घातली, पुस्तकाच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा पहिल्या पानावर जाईल." जाताना माझ्या हातात हात दिला नाही. तिचंही बरोबर आहे. मी तिच्याकडून ते मागितलंही नाही.

पुस्तक मेअखेर छापून येईल. पहिली प्रत तुला पाठवायचं त्या म्हणत होत्या. मी म्हटलं, टपालानं नको.

आता नीट ऐक. क्षमा मी या कागदावर मागत नाही. ती समोर उभं राहून मागायची असते, आणि "नाही" ऐकायचं झालं तर तेही समोरच ऐकायचं. दोन जूनला डागणी आहे. तू आलास तर तुला काम करावं लागेल, नुसतं कुंपणावर बसू देणार नाही. जेवायला गोमांस, बीन्स आणि तुझ्याच झाडांच्या सफरचंदांची भट्टीत भाजलेली गोड 'पाय', जर तू येताना एक पेटी आणलीस तर. नाही आलास तर दहा जूनच्या गाडीनं मी येते. बिलिंग्जच्या पुढे मी आयुष्यात गेलेली नाही, पण वेननं गाड्यांचं वेळापत्रक काढून दिलंय आणि तीन ठिकाणी बदलायचं ते मी पाठ केलंय. पुस्तक माझ्या मांडीवर असेल. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर ठेवीन आणि बाजूला बसेन. तू पान वाचेपर्यंत उठणार नाही. हट्टी कोण, तू की मी, हे आपलं लहानपणापासून ठरायचं राहिलंय.

उत्तर कार्डावर लिहू नकोस. कार्ड टपालवाला वाचतो, आणि आपल्या घराचं त्यानं पुष्कळ वाचून झालंय. पाकिटात लिही. रागानं लिहिलंस तरी चालेल, मोठं लिही.

शेवटी "तुझी बहीण" असं लिहायची माझी सवय. तो शब्द मला अजून लिहायचा हक्क आहे की नाही, ते तू ठरव. तोवर नुसतीच,

हेटी