गळा दाबताना घातलेली मागणी

मी, खाली सही करणारी, मूकपटांत रडून रडून संसार उभा केलेली विधवा बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे का, हे डॉक्टरांनी माझ्याशी वाद घालून तपासलं. हरले.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. जिन्याखालची खोली मुलीची, कारण तिथला पसारा तीच आवरते.

२. आमच्या चित्रपटाचा नायक अजून हयात आहे. त्याचा केसांचा टोप माझ्या ट्रंकेत पडून आहे, तो त्याला परत द्यावा. माझ्या मांडीवर मरताना हा गृहस्थ घोरायचा. दिग्दर्शकसाहेबांची पद्धतच तशी. आधी थरथरता हात, मग भिंतीवरची सावली, मग चेहरा. आणि गालावरून पाणी ओघळेपर्यंत कॅमेरा हलायचा नाही. तोवर याची झोप पुरी व्हायची. मुंग्या मात्र माझ्या पायाला.

३. चित्रपटाची एकुलती एक प्रत मुलीला. मुलाने त्या प्रतीला हात लावू नये. तो म्हणतो, "आई, मुका सिनेमा आता कोण बघतं? आवाज घालू या." भारदस्त आवाजाचा एक माणूसही ठरवून बसलाय.

चित्रपटातले खलनायक म्हणजे मुलांचे वडील. जिन्यावर ते माझा गळा दाबतात, तेव्हा पडद्यावर पाटी येते, "अभागिनी, तुझी घटका भरली!" प्रत्यक्षात ते विचारत होते, "माझ्याशी लग्न कराल का?" घरी माझे वडील, सेटवर साहेब, आम्हाला एकांत तेवढाच. मी म्हटलं, "हो." साहेब कर्ण्यातून ओरडले, "वा! काय ही भीती! तशीच राहा!"

पहिल्या खेळाला सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि आमचा कपडेपटाचा शिंपी खदखदून हसत होता. तो जन्माचा बहिरा, ओठ वाचतो. साहेबांनी जाब विचारल्यावर त्याने कापडाच्या तुकड्यावर खडूने सगळं लिहून दिलं. साहेब तडक माझ्याकडे आले.

"म्हणजे ती भीती खोटी होती?"

"खरी होती, साहेब. लग्नाचीच होती."

त्यांनी प्रसंगाला कात्री लावली नाही. आमच्या लग्नात सगळ्यांत मोठ्याने तेच रडले.

४. कलम ३ रद्द समजावं. हे लिहिताना मुलाशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी शिंप्याला बोलावून घेतलं आणि दोघांना चित्रपटासमोर बसवलं. गळा दाबायचा प्रसंग आला. माझं "हो" झालं. मुलाने खुणेने विचारलं, "मग बाबा काय म्हणाले?" मलाही ते आठवत नव्हतं. शिंप्याने लिहिलं: "मग आता लवकर मरा, जेवायची सुट्टी झालीय."

मुलगा पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "अगदी बाबाच," म्हणाला. भारदस्त माणसाला त्याने लगेच नकार कळवला. प्रत मुलाला द्यावी.

सही: मी स्वतः, चष्मा लावून.
साक्षीदार: डॉक्टर, शिंपी (यांना वाचून दाखवावं लागलं नाही, मी पुटपुटत लिहिते).
ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
दिनांक: रविवार, दोन्ही मुलं घरी असताना.