सोसण्याजोगे नुकसान

म्हसावद,
९ फेब्रुवारी २०२६

हेमकांत भाऊस सिंधूचा नमस्कार.

घरी सगळे ठीक. कापसाची शेवटची वेचणी झाली. काजलचे लग्न तिचा भाऊ गेल्यापासून वर्षाच्या आत उरकायचे म्हणून आखाजीनंतरचा, अक्षय्य तृतीयेपासून पाचवा दिवस धरला आहे. पत्रिका छापायची आहे. तिच्यात मामाचे नाव घालायचे की नाही, त्यासाठी हे पत्र.

लखनच्या उत्तरकार्याला तू आणलेले दुखवट्याचे लुगडे सोबत परत पाठवत आहे. घडी मोडलेली नाही. परवा फोनवर तू म्हणालास, "बहिणीने माहेरचे लुगडे नेसल्याशिवाय घरातले दुःख फिटत नाही. लोक मला विचारतात." लोकांना काय सांगायचे ते तू ठरव. लढाईच्या गोष्टी लोकांना समजावून सांगणे तुझे कामच आहे.

उत्तरकार्यानंतर पंधरा दिवसांनी तुझा लेख पेपरात आला. यांनी तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब असून लढाई चार दिवसांत थांबली, स्थैर्य टिकले, असे तू लिहिले होतेस. इथवर मला पटले. ती थांबली नसती तर काय झाले असते, एवढे मलाही कळते. पुढे वाक्य होते, "आपले नुकसान सोसण्याजोग्या मर्यादेत राहिले."

यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तुन्हा भाऊनी लखनले सोसी लिधं."

पंचवीस वर्षे मी अंगणवाडीत मुलांची वजने लिहिते. कोणत्या रेषेखाली मूल धोक्यात, ते तक्त्यावर असते. तो तक्ता करणारा त्या मुलाच्या घरचा नसतो. तू घरचा होतास.

आता जे मी कोणालाच सांगितले नाही ते.

लखन फौजेतून सुट्टीवर आला तेव्हा त्याला टायफॉइड होता, हे तुला माहीत आहे. सुट्ट्या रद्द झाल्या तरी शहाद्याचे डॉक्टर आठ दिवसांची विश्रांती लिहून द्यायला तयार होते. त्याने मला विचारले, "माय, लिखी लेऊ का?" त्याच सकाळी तू फोनवर सांगितले होतेस, "दोघांकडे बॉम्ब आहे, म्हणून कोणी हद्द ओलांडणार नाही. पाठव बिनधास्त."

मी त्याला म्हटले, "मामा सांगस, काई व्हवाव नही. जाय तू. गावमा लोके काय म्हनतीन?"

अंगात ताप असताना तो गेला. डबा मी भरला. लढाई थांबायच्या आदल्या दिवशी त्याच्या चौकीवर तोफेचा गोळा पडला.

लोक काय म्हणतील, हे तू सांगितले नव्हतेस. ते माझे होते. डॉक्टरांचे यांना अजून माहीत नाही.

तुला लग्नात मामा म्हणून उभे राहायचे असेल तर आखाजीला ये. त्या दिवशी पितरांसोबत लखनच्या नावाची घागर भरायची आहे. भाऊबंद ओट्यावर असतील. त्यांच्यासमोर तुझे ते वाक्य वाच आणि फोनवर मला काय सांगितले होतेस तेही सांग. तुझे झाले की मी माझे सांगेन. मग हे आपल्या दोघांना घरात घेतील किंवा घेणार नाहीत. तू आला नाहीस तरी मी सांगणार आहे.

पत्रिका होळीनंतर छापायला जाईल. त्याआधी हो किंवा नाही, एवढेच लिही. कारणे लिहू नकोस. तुझी कारणे मी एकदा ऐकली आहेत.

अजून तुझी बहीण,
सिंधू