‘घ. जा.’चा चौकोन

ता. ४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं रचतो, त्यापेक्षा हे बरं. वसतिगृहाच्या खोलीत जागा नाही म्हणून तू तुझा संगणक माझ्याकडे ठेवून गेलीस, आणि त्यातलं राज्यही माझ्या गळ्यात घातलंस. तीन वर्षं खेळून तू दोनशे बारा वर्षं चालवलेलं घराणं, आणि ते एका म्हाताऱ्या बुकबाइंडरच्या हाती! रोज दुपारी जेवण झालं की मी चष्मा पुसून सिंहासनावर बसतो.

पण पोरी, हा खेळ आहे की बाजार? मला वाटलं होतं, राजा म्हणजे लढाया, किल्ले, दूरवर धुळीचा लोट. इथे बघतो तर राजाला उठल्याबसल्या एकच काम, लग्नं जुळवायची. स्थळांची यादी उघडली आणि मी बसल्या जागी गार झालो. चौदा वर्षांच्या मुलीपुढे बासष्ट वर्षांचा सरदार, तोही तिजवर! आणि त्याच्या नावापुढे हिरवी खूण, म्हणजे स्थळ उत्तम. एका पोराला तर त्याच्या सख्ख्या आत्याकडून मागणी आली होती. मी यंत्र बंद केलं आणि खिडकी उघडून दहा मिनिटं नुसता बाहेर बघत उभा राहिलो.

आपला राजा आता एकसष्ट वर्षांचा आहे. तू त्याला ‘म्हातारा’ म्हणतेस, मला आरशात बघितल्यासारखं होतं. छातीत कळ येते त्याच्या. मुलगा नाही, एकुलती एक पोरगी. तिच्यासाठी आधी राज्य बघा, मग गुण बघा, असं तू बजावलं होतंस. मी चित्र बघितलं. शेजारच्या राज्यातला धाकटा राजपुत्र. सैन्य नाही, ठाणं नाही, पण नावापुढे पिसाची लेखणी काढलेली, म्हणजे हा कवी. कवितेच्या पानावर कोपऱ्यात असायचं ना, अगदी तस्सं पीस! शाळा मी सातवीत सोडली, पण पुढे चाळीस वर्षं शाळेचीच पुस्तकं शिवली. छापील तावांच्या घड्या घालताना धडे हातावेगळे व्हायचे, कविता मात्र हाताला चिकटायच्या. त्या पिसावर मी विरघळलो आणि लग्न लावून मोकळा झालो.

अडलं एकाच ठिकाणी. तू करून दिलेल्या कागदावर शेवटच्या चौकोनापुढे ‘घ. जा.’ लिहिलं आहेस. घरी जाणे. म्हणजे मुलीनं नवऱ्याच्या घरी जायचं असेल तर तिथे खूण करायची. मी म्हटलं, नाही. एकुलती पोरगी, बाप आजारी, कशाला धाडायची तिला? चौकोन रिकामा ठेवला. तिला आता मुलगाही झाला आहे. नातू झाल्याची पाटी उमटली तेव्हा घरात मी एकटाच, आणि मोठ्यानं हसलो.

बाकी दुकानाचं ठरलं. महिनाअखेर शेजारचा झेरॉक्सवाला जागा घेतो. प्रेस आणि कटिंग मशीन भंगारात जाईल. माझ्यामागे घराण्यात कुणी नाही, तेव्हा वाईट तरी कुणाला वाटायचं? तू मात्र तिथे जुने कागद वाचवायची विद्या नीट शीक.

माझ्या हस्ताक्षराला हस, पण माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
आजोबा

*

ता. ११ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यात फोडलं आणि तिथेच मटकन बसले. आजोबा, काय करून बसलात हे! ‘घ. जा.’ म्हणजे घरी जाणे नव्हे हो. घरजावई! घरजावई! खूण केली असतीत तर जावई आपल्याकडे आला असता आणि मुलं आपल्या घराण्यात मोजली गेली असती. तुम्ही पोरगी दिलीत ती दिलीत, वर नातूही देऊन बसलात. म्हातारा गेला की सगळं पोरीकडे, आणि पोरीमागे सगळं त्या लोकांकडे. आपण संपलो.

चूक माझी. ज्यांचा निम्मा जन्म ‘शि. सा. न.’ लिहिण्यात गेला त्यांच्यासाठी मी आद्याक्षरं लिहून ठेवली. आता रागावून उपयोग नाही, सांगते तसं करा. वेळ थोडा आहे, म्हातारा फार दिवस काढेल असं मला वाटत नाही.

जावयाचा काटा काढायचा. दुसरा मार्ग नाही. विषाच्या भानगडीत पडू नका. स्वयंपाकी फुटतो आणि आपलं नाव बाहेर येतं. मेव्हण्याच्या वेळी मी तोंड पोळून घेतलंय. सरळ शिकारीला न्या आणि मागून घोडा बिथरवा. लोक अपघात म्हणतात, चार दिवस हळहळतात, विसरतात. मग पोरीचे डोळे कोरडे व्हायच्या आत तिचं दुसरं लग्न लावा, आणि या खेपेला तेवढी खूण करा, खूण करा, खूण करा! पहिलं पोर? त्याला संन्यास द्या.

तो बिचारा कवी आहे, चांगला आहे, मला कबूल. पण घराणं वाचवायचं म्हणजे काळीज थोडं घट्ट करावं लागतं. तुमच्याच्यानं होणार नाही असं वाटतं, म्हणून तीनदा लिहिलं.

आईला यातलं अवाक्षर कळू देऊ नका. ती म्हणेल, हेच उद्योग करायला गेलीस का तिकडे?

खोकल्याचं औषध वेळेवर घ्या, आणि मी ओरडले तरी लोभात काटछाट करू नका.

तुमची,
खारू

*

ता. ११ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ताच आजोबांना पत्र लिहून संपवलं. दोन पानं भरून गंमत लिहिली आणि दुकानाबद्दल एक ओळ लिहिता आली नाही. लिहायला गेले की हात थांबतो.

महिनाअखेर दुकान देतायत ते. प्रेस भंगारात. लिहितात, माझ्यामागे घराण्यात कुणी नाही. आई, मग मी कोण? प्रत्येक सुट्टीत त्या प्रेसच्या चाकाला लोंबकळून मी मोठी झाले. खळ किती पातळ करायची, सुई कुठल्या भोकातून आधी काढायची, पुस्तकाच्या पाठीवर हातोडी किती हळू मारायची, ते सगळं त्यांनीच शिकवलं. इथल्या आमच्या बाईंनी माझी शिवण बघून विचारलं, हात कुणाचा आहे हा. मी म्हटलं, आजोबांचा.

जूनमध्ये अभ्यासक्रम संपेल. मला दुसरीकडे कुठेही नोकरी नको, मला दुकान हवंय. पण मागायचा धीर होत नाही. मागितलं आणि ते मायेनंच म्हणाले की बाळ, तू परक्या घरची, तर? ते मला सोसायचं नाही. तू त्यांना आपलं सहज विचार. माझं नाव काढू नकोस. मात्र अठ्ठावीस तारखेच्या आत.

बाबांना नमस्कार. तुझा ओरडा ऐकायला कान आसुसलेत.

तुझी,
खारू

*

ता. १६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत खारूचं पत्र जोडलं आहे. पाकिटावर माझं नाव, आत तुमचं. आधी ते वाचा, मग माझं.

वाचलंत? आता सांगा, माझ्या नवऱ्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? शेगडीवर दूध होतं, ते उतू जाऊन शेगडी विझली तरी मला पत्ता नाही. जावयाचा काटा काढा, म्हातारा फार दिवस काढत नाही, पोरीचं दुसरं लग्न लावा! बाबा, तुम्हाला जावई एकच, पोरगी एकच. माझ्या पोटच्या पोरीनं सख्ख्या बापाबद्दल असं लिहावं, आणि वर मला अवाक्षर कळू द्यायचं नाही!

मी ते पत्र ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी दोनदा वाचलं, हातातला चहा हळूच खाली ठेवला आणि म्हणाले की शिकारीला बोलावलंच तर स्वेटर घ्यावा लागेल का. ज्या माणसाला अजून सायकलवर धड चढता येत नाही, त्याचा घोडा बिथरवणार तुम्ही!

लगोलग खारूला फोन लावला. ती आधी रडली, मग इतकी हसली की तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं फोन घेतला आणि राजा, पोरगी, कवी, चौकोन, सगळं मला पहिल्यापासून समजावलं. मीही हसले. ह्यांनी चहा प्यायला, गार झालेला.

पण बाबा, हसून झाल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझं लग्न ठरलं तेव्हा हे तुमच्याकडे राहायला तयार होते. दुकानात हाताखाली काम करीन म्हणाले होते. त्यांना ना आई ना वडील, कुणाची आडकाठी नव्हती. तुम्हीच म्हणालात, घरजावई ठेवला तर अख्खी गल्ली हसेल. तो चौकोन तुमच्यापुढे पंचवीस वर्षांपूर्वी आला होता. तेव्हा त्याचा अर्थ तुम्हाला नीट ठाऊक होता, आणि तरी तुम्ही रिकामा ठेवलात.

एवढी वर्षं बोलले नव्हते. आज बोलले. मला लिहिलेलं खारूचं पत्र तुमच्याकडे आलं असेल. त्यात काय आहे ते तिनं मला फोनवर सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तुम्ही वाचलंत तर एकट्यानं वाचून गप्प बसू नका.

रागावले असले तरी तुमचीच आहे, हे गृहीत धरावं.

तुमची,
पोरगी

*

ता. २३ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तू आईला लिहिलेलं पत्र माझ्या पाकिटात आलं. पहिल्या ओळीत ‘आईस’ दिसल्यावर घडी मिटायला हवी होती. मी मिटली नाही. ‘मग मी कोण?’ इथवर उभ्यानं वाचलं, पुढचं पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून. पोरी, म्हातारपणी धक्के बसतात ते माणसं जाण्याचे. समोर असलेलं माणूस आपण मोजलंच नव्हतं, हा धक्का मला नवीन होता. मग तुझ्या आईचं पत्र आलं. त्यातला एक परिच्छेद मी अजून दुसऱ्यांदा वाचू शकलेलो नाही.

आधी राज्याचं सांगतो. जावयाला मी शिकारीला नेलं नाही. यंत्रानं घोडे तयार ठेवून तीनदा विचारलं, मी तीनदा नको म्हटलं. बुधवारी दुपारी म्हातारा गेला. मी खजिन्याचं पान उघडून बसलो होतो, तेवढ्यात एक काळी चौकट आली आणि संपलं. मला वाटलं, निदान घंटा तरी वाजेल. पोरगी गादीवर बसली. तिच्यामागे राज्य त्या लोकांचं, म्हणजे तुझं घराणं माझ्या हातून बुडालंच. त्याची माफी मागतो. तीन वर्षांची तुझी मेहनत होती.

पण त्या दिवशी एक बघितलं ते तुला सांगायलाच हवं. नातू आता दहा वर्षांचा झाला आहे. त्याचं चित्र मोठं करून पाहिलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नाक आपल्या म्हाताऱ्याचं! तोच उंचवटा, तोच एका बाजूला वाकलेला शेंडा. घराण्याच्या रकान्यात तो परका, आणि तोंडावर आपलं नाक. जे त्या डबड्याला कळतं, ते मला पंचवीस वर्षं कळलं नाही. उठून आरशापाशी गेलो, मग तुझा शाळेतला फोटो काढला. जास्त काही लिहीत नाही. तू स्वतःच आरशात बघ.

दुसऱ्या सकाळी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो वैतागला, आणि त्याचं बरोबरच होतं. शब्द मी मोडत होतो. म्हणाला, आजोबा, वारस नाही असं तुम्हीच अख्ख्या रस्त्याला सांगत होतात, हा एकदम कुठून उगवला? मी म्हटलं, उगवला नाही, प्रेसच्या चाकाला लोंबकळत होता, मीच वर बघितलं नाही. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

प्रेसला तेल घातलं. कटिंग मशीनचं पातं धारेला दिलं आहे. आणि तुझ्या बाबांना पत्र टाकलं, पंचवीस वर्षांत पहिलं. त्यात काय लिहिलं ते तुला कशाला? एवढंच सांगतो की दोघांना जूनमध्ये इकडे बोलावलं आहे, आणि चहा आधी मी पिऊन दाखवीन असं कबूल केलं आहे.

आता एक काम तातडीचं आहे. दुकानाला नवी पाटी हवी म्हणून आज सकाळी पेंटरला बोलावलं. त्यानं तुझं नाव झोकात रंगवलं, ब्रश पुसला आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. तर तो म्हणतो, शेवटचं अक्षर ‘ल’ की ‘ळ’? पोरी, कवितेतला ऱ्हस्वदीर्घ चुकला तर ज्याला चैन पडत नाही, त्या मला सांगता येईना. आजवर तुझ्या पाकिटावर ‘खारूताई, खोली अकरा’ आणि तुझ्या आईबाबांच्या पाकिटावर नुसतं नाव नि घराचा नंबर, एवढंच लिहीत आलो. तुझं आडनाव मी कधी लिहिलंच नव्हतं.

पाटी अर्धी रंगवून दारात टेकून ठेवली आहे, येणारेजाणारे थांबून विचारतात. परतीच्या टपालानं कळव, आणि मोठ्या अक्षरात लिही.

तोवर माझ्या चुका पदरात घे आणि लोभ पहिल्यासारखा असू दे.

तुझा,
आजोबा