कडूबाला रोज विचारायचं ते

मी जनकाबाई माणिकराव घुगे, वय अडुसष्ट, राहणार दुसरबीड, तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र आपल्या खुशीनं करून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. मी सांगते, मोतीराम गुरुजी लिहितात.

१. तीन एकर रान दोन्ही पोरांचं, अर्धं-अर्धं. थोरल्या कडूबाला डोक्याचा आजार, रोजची गोळी चालू; म्हणून त्याचा वाटा धाकट्या भागवतनं कसावा, विकू नये.

२. बेंबी बसवायचा तांब्या. चाळीस वर्षं मी पोटावर दिवा ठेवून, वर तांब्या पालथा घालून गावाच्या सरकलेल्या बेंब्या बसवल्या. बीटी असूनही कपाशी बोंडअळीनं खाल्ली, त्या साली कडूबाचं पोट दुखलं. तीन दिवस मी तांब्याच लावत बसले, अन् आत आतडं सडत होतं. जालन्याला हातभर आतडं कापलं तेव्हा लेकरू वाचलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, डोक्याच्या या गोळीनं आतडं सुस्तावतं. माणसं दगावल्याचं संशोधनात आलंय. गोळी मनानं बंद करू नका, ती त्याला लागते. पण पोट साफ झालं का, हे रोज विचारा." गोळी सुरू केली तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा राग आहे. त्याहून जास्त माझा मलेच आहे. तांब्या कडूबाला. त्यानं त्यातून पाणी प्यावं.

३. पितळी चरवी जाऊ रुखमाबाईला. वीस वर्षं तिचा डोळा आहे त्या चरवीवर. नेताना तिनं कडूबाला एकदा नावानं हाक मारावी. 'येडा' चालणार नाही.

४. घर धाकट्या सुनेला, काजलला, एका अटीवर. भागवत दिवस उगवायच्या आत रानात जातो. म्हणून माझ्यामागं कडूबाला रोज सकाळी पोटाचं तिनं विचारावं. आपल्यात सून भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंड वर करून बोलत नाही, तर हे कुठून विचारणार? ती चाल मी आज मोडते.

इथवर गुरुजींनी वाचून दाखवलं, तर काजल पदर सावरून दारातूनच म्हणाली, "दादा, पोट साफ झालं का?"

कडूबा जमिनीकडं पाहत बोलला, "चार दिवस झाले, नाही."

मले तर तो रोज 'हाव, झालं' म्हणे. "काऊन रे बापा?" म्हटलं, तर म्हणे, "तू रडतं ना, माय."

काजलनं रिक्षा बोलावली. सही तशीच राहिली.

५. आज पाच दिवसांनी पुढचं सांगते. या वेळी औषधावर भागलं, कडूबा घरी आला. कलम चारमधली अट खोडावी. घर काजलचं.

सही: जनकाबाई माणिकराव घुगे
साक्षीदार: मोतीराम कायंदे (लिहिणार), शेख वाहेद शेख नूर
दुसरबीड, १९ नोव्हेंबर २०२१