खोगीर आणि घोडी

२ जानेवारी, सकाळ.
नववर्षाचा संकल्प एकच : लेथच्या सॅडलचे शैथिल्य समूळ नष्ट करणे. हौशी माणसाचा धातू कातायचा छोटा लेथ म्हणून जग त्याची उपेक्षा करते; परंतु गॅलरीत तो प्रतिष्ठापित झाल्यापासून सुरतेतल्या कोसाडच्या या कॉलनीत मी एकमेव यंत्रस्वामी आहे. दोष अत्यल्प. हत्यार पोलादाला टेकले की ते वाहून नेणारी बैठक, म्हणजे सॅडल, बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी रुळांवर, डुलते.
पहिले कार्यही निश्चित. आईच्या वॉकरच्या एका पायाचे रबरी बूच झिजले आहे. मी पितळेचे घडवणार. उज्ज्वला म्हणाली, पितळ फरशीवर घसरेल. पत्नीस धातुशास्त्र अवगत नसणे हे संसारास पोषकच. कन्या वर्षा : "पप्पा, मेडिकलमां रेडी मळे छे!" मी विचारले, ज्या घरात लेथ आहे त्या घराने बूच विकत आणावे काय? दोघी आपापल्या कामाला लागल्या. पटलेले दिसते.

४ जानेवारी.
आई वॉकरला 'घोडी' म्हणते. तिला समजावले, सॅडल म्हणजे खोगीर. आधी खोगीर नीट बसू दे, मग तुझे बूच. म्हणाली, "खोगीरले इतला जपस भाऊ, नि घोडी लंगडी शे!" सुरतेत चाळीस वर्षे काढूनही तिची अहिराणी सुटली नाही आणि तांत्रिक दृष्टी आली नाही.
मापासाठी झिजलेले बूच काढून घेतले. तात्पुरती उपाययोजना : वॉकरच्या पायात चिंधी कोंबली. शोभिवंत.

७ जानेवारी.
सुटी. सॅडलखाली ग्राइंडिंग पेस्ट लावून दिवसभर मागेपुढे घासले. सिद्धान्त : घर्षणातून समरसता. फलित : पूर्वी फटीत कागद जाई, आता लग्नपत्रिका जाते. उत्पादकाचे चारित्र्यच हीन.
उज्ज्वलाने जुने बूच परत मागितले. अभ्यासार्थ मधोमध कापले आहे. छेद उद्बोधक.

१० जानेवारी, पलसाणा, डाइंग मिलमध्ये ड्युटीवर.
उज्ज्वलाचा फोन. आई भिंत धरून चालते म्हणे. मी म्हणालो, भिंतीइतका दृढ आधार जगात नाही, प्रगती उत्तम. तिने फोन ठेवला.
डाइंगच्या वाफेत नवा उपाय सुचला. इपॉक्सी! सॅडलखाली ओतावे, ते बेडच्या पृष्ठाचा हुबेहूब ठसा घेते, वाळून दगड होते. तिळमात्र फट उरत नाही. चिकटू नये म्हणून व्हिडिओतला गृहस्थ बेडला आधी मेण चोळतो. मी चोळणार नाही. आत्मविश्वास असलेल्यास वंगण लागत नाही.

१३ जानेवारी.
इपॉक्सी ओतले. उज्ज्वला बूच आणायला मेडिकलला निघाली होती. चप्पलसुद्धा घातली होती. मी घोषित केले : बाजारू बूच या घरात आले तर मी अन्नत्याग करीन. आई आतून म्हणाली, "राहू दे वं उज्ज्वला. त्याले जेवू दे." चप्पल पायातून निघाली. विजय.

१४ जानेवारी, उत्तरायण, सकाळ.
पतंगासाठी सारी कॉलनी गच्चीवर. मुहूर्त शुभ. सॅडलचे चाक फिरवले. हलेना. दोन्ही हातांनी. हलेना. हातोडा. हातोड्याची मूठ मोडली. शैथिल्य शून्य! हाक मारली : आई, ये, बघ, मुळीच हलत नाही!
आली. चिंधी उंबऱ्यावर राहिली. घोडी पुढे घसरली. आई खाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ, हॉस्पिटल.
खुब्याचे हाड. कारणमीमांसा : (१) उज्ज्वलाने मारलेला पोछा; (२) बिल्डरने चढवलेला उंबरा; (३) आईची उतावीळ. माझा संबंध आढळत नाही. वर्षा मला बरेच काही बोलली. गुजरातीत होते, विचारात घेतले नाही.

४ फेब्रुवारी.
आई घरी. हाडात पोलादी पट्टी, चार स्क्रू. काम सुबक, माझ्या हातून याहून सुबक झाले असते. डॉक्टर म्हणतात, ती आता चालणार नाही. खाट गॅलरीच्या दाराशी घातली आहे. उज्ज्वला औषधे आणि पाण्याचा तांब्या सॅडलवर ठेवते. घरात न हलणारी तेवढीच जागा.
वर्षाने मेडिकलमधून बूच आणून घोडीला बसवले. एका दाबात बसले. वॉकर खाटेशी ताठ उभा आहे.
आईने खाटेवरूनच त्याची मूठ चाचपली. मग विचारले, "भाऊ, खोगीर बठनं का रे?"
मी म्हणालो, बसले. आता कधीच हलणार नाही.
म्हणाली, "चांगलं जयं. आते घोडी बजारमा इकी टाक."