खाकी कव्हरं

उमरठ, २४ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे फोन येतात ते दिसतात. उचलावेसे वाटत नाहीत, म्हणून हे पत्र. रागावू नकोस. अवधूत जाऊन वर्ष होत आलं, नवरा गेला तरी मी रडत नाही, याची तुला काळजी. मला तीही वाटत नाही. जेवते, झोपते, शाळेत जाते. मुख्याध्यापकांनी यंदा वर्गाऐवजी वाचनालय दिलं. दया आली असावी.

इथल्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून मी सगळ्यांना खाकी कव्हरं घातली आणि पाठीवर नंबर टाकले. कपाट नीटनेटकं दिसतं. मुलं दारातून डोकावतात आणि निघून जातात. मला बरंच आहे.

तुम्ही म्हणता तसा गणपतीनंतर राजीनामा देते आणि महाडला येते. कुठेही राहिलं तरी मला सारखंच.

भावोजींना नमस्कार. माझ्याकडे सध्या लोभ शिल्लक नाही, तुझा तेवढा असू दे.

तुझी
शुभदा

महाड, ५ जुलै

चि. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

अगं, पुस्तकांना खाकी कपडे चढवून पोलीसचौकी उघडलीस की काय? मुलांना आत राजा आहे की रानडुक्कर, ते कळायचं कसं? मीसुद्धा दारातूनच परत गेले असते.

वरची खोली रंगवून घेतली. रंग यांनी निवडलाय, त्यामुळे आल्यावर नाक मुरडू नकोस. तू माझ्या डोळ्यांसमोर दोन घास खाल्लेस तरी मला पुरे. रडावंसच असं नाही गं, पण तुला काहीतरी वाटावं. तुझ्या पत्राची मला भीतीच वाटली.

जिवाला जप. आमची माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी
ताई

उमरठ, २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं ठरलं. सहावीतली अपेक्षा आत आली आणि विचारलंन, की पुस्तकं आजारी हायत का, अशी गुंडाळून का ठेवल्येत? मग तिने एकाचं कव्हर कोपऱ्यात फाडून आत पाहिलं. ओरडायला हवं होतं, पण तेवढा उत्साह नव्हता. दुसऱ्या दिवशी ती चारपाच जणांना घेऊन आली. आता मुलं पुस्तक हातात घेतात, वास घेतात, मधलंच एक पान वाचतात आणि हे कशाबद्दल असेल यावर भांडतात. मी नुसती बसून असते.

त्यात एकदा गरम झऱ्यांचं पान निघालं. अपेक्षाने विचारलं, की सव गावच्या गरम कुंडातलं पाणी कोण तापवतं? मी म्हटलं, मला माहीत नाही, शोधा. बाईंना माहीत नाय, हे त्यांना फारच आवडलं. त्यांनी शोधलं: जमिनीच्या पोटात उष्णता असते. मग पाणी बाहेर काढल्यावर ती ऊब जाते कुठे, यावर आठवडा गेला. हवेत जाते, भांड्यात जाते, हात घातला तर हातात येते, इथवर मंडळी पोचली आहेत.

मला विशेष काही वाटत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय.

विचारपूस करत राहा.

शुभदा

महाड, १२ ऑगस्ट

चि. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

विशेष काही वाटत नाही म्हणतेस आणि पानभर मुलांबद्दलच लिहितेस! मला हसू आलं, मग डोळे भरून आले. तरी माझं मत तेच. तिथे एकटी राहू नकोस, ये. त्या पोरांना दुसऱ्या बाई मिळतील.

वाट पाहते. कंटाळलीस तरी आमची आठवण ठेव.

तुझी
ताई

उमरठ, २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गणपती झाले. अपेक्षाची आजी बयाबाई विसर्जनानंतर वारली. काल पोर शाळेत आली ती सरळ वाचनालयात. म्हणाली, की बाई, पाण्याची ऊब हवेत जाते, मग आजीच्या हातातली कुठं गेली? मी धरला तर गार होता. बाकीच्या मुली तिला गप्प करू लागल्या, असं इचारू नाय म्हणून. मी म्हटलं, विचारू दे.

तिने मला विचारलं, की तुम्ही कधी असा हात धरलात का? मी हो म्हटलं. कुणाचा, तेही सांगितलं. मग जे तुलाही सांगितलं नव्हतं, ते त्या पोरींना सांगितलं. अवधूत गेल्याचं सांगून डॉक्टर निघून गेल्यावर मी त्याचा हात चोळत बसले होते. तो गरम लागत होता, म्हणून मला वाटलं डॉक्टर चुकलेत. नर्सने माझे हात सोडवले आणि क्षणात तो गार पडला. ऊब माझ्याच हातांची होती. तेव्हापासून वाटत होतं, की मी स्वतःला फसवलं.

अपेक्षाने थोडा विचार केलान आणि म्हणाली, की म्हंजे तुमची ऊब त्यांच्यात गेली. जाताना त्यांच्याबरोबर होती.

ताई, मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. मुली गेल्या नाहीत. एकीने पाणी आणलं. खूप दुखलं, अजून दुखतंय.

राजीनामा फाडला. खोलीचा रंग बघायला दिवाळीत येईन आणि परत जाईन. बयाबाईची ऊब कुठे गेली, ते अजून सापडलेलं नाही. अपेक्षाला मी शोधू म्हटलंय.

तुझ्यावर माझा लोभ आहे.

शुभदा