आक्काच्या गाठीचे फोटो

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २००६

सौ. आक्कास,

शशिधरचा शरणार्थ. इकडं आम्ही सगळे मजेत. गडहिंग्लजला ऊसतोड सुरू झाली असेल, दाजींना जेवायलाही सवड नसेल. शांभवीच्या लग्नाचा हॉल ठरला का?

माझ्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवलाय. काचेवरच्या पेशींचे फोटो काढायचे आणि इंटरनेटवरून मुंबईच्या तज्ज्ञ मॅडमना पाठवायचे. पूर्वी काचा कापसात गुंडाळून पार्सल करायचो, त्यातल्या काही वाटेतच फुटायच्या. आता मॅडम फोटो समोर ठेवून फोनवर बोलतात.

परवा मानेतल्या गाठीची एक केस पाठवली, नाव न घालता. काय दिसतंय ते मला कळत होतं, पण या वेळी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचं धाडस होईना.

"कडेचा पुंजका आणखी मोठा करून पाठवा," मॅडम म्हणाल्या. पाठवला.

"केंद्रकावरची खाच दिसतेय? कॉफीच्या बीसारखी?"

"दिसतेय."

"मग शंका कसली, डॉक्टर? पेशंट कोण आहे?"

"माझी थोरली बहीण."

आक्का, ते तुझ्या गाठीचे फोटो होते. सुई टोचली तेव्हा "मुंगी चावल्यागत बी न्हाय की रं" म्हणून हसलीस, त्याच गाठीचे. थायरॉइडचा कॅन्सर आहे. हा शब्द वाचून पत्र खाली ठेवू नकोस, पुढं वाच.

मॅडम म्हणाल्या, "हा हळू वाढणारा आहे. वेळेत काढला की माणसं पूर्ण आयुष्य जगतात." माझ्या पेशंटांतही मी तेच पाहिलंय. ऑपरेशन, मग रोज सकाळी एक गोळी.

फोन केला असता तर "लेकीचं लगीन हू दे, मग बघू" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहितोय. लग्न वैशाखात आहे, ऑपरेशन याच महिन्यात करायचं. सर्जनशी बोललोय. सोमवारी दाजींना घेऊन ये. ऊस थांबेल.

लग्नात अक्षता टाकायला तू उभी असशील, आणि मांडवात तुझाच आवाज सगळ्यांत मोठा असेल. हे डॉक्टर म्हणून सांगतोय.

भाऊ म्हणून एवढंच, की मी सकाळपासून स्टँडवर असेन. ये.

तुझा तम्मा,
शशिधर